वादळाचेही वेध लागतात, फक्त आपण ते पाळत नाही!

जून २०२०. कोकणातल्या एका गावानं अठरा दिवसांत आधी चक्रीवादळ पाहिलं, मग सूर्यग्रहण. ग्रहणासाठी घराघरात मिनिटामिनिटाचं वेळापत्रक तयार होतं. ज्यानं घरं मोडली त्या वादळासाठी मात्र काहीच नव्हतं. असं का? आणि यंदाच्या पावसाळ्याआधी आपल्याला काय करता येईल?

तुम्ही २०२० साली दहावीला होतात का? मग आपण एकाच बॅचचे. भूगोलाचा पेपर न देता पास झालेली बॅच! २३ मार्चचा तो पेपर कोरोनामुळे आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून आपल्याला मार्क मिळाले. आठवतायत ना ते मीम्स? ‘अक्षांश-रेखांशातून सुटका’ म्हणून आम्ही मैत्रिणींनी एकमेकींना किती स्टिकर पाठवले होते!

माझ्या बाबतीत गंमत अशी झाली, की हा भूगोल दोन-अडीच महिन्यांनी स्वतःच आमच्या दारात येऊन उभा राहिला. थेट प्रॅक्टिकल घ्यायला.

माझं गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं. रीलमध्ये दिसतं ना, अगदी तसं. तिथे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकलं आणि २१ जूनला सूर्यग्रहण लागलं. मधे दिवस किती? अठरा. येत्या ३ जूनला या गोष्टीला सहा वर्षं होतील. आता मी पुण्यात मास कॉम करते. इथे ‘निसर्ग’ म्हटलं की निम्मे मित्र विचारतात, ‘म्हणजे तौक्ते ना?’ त्यांचीही चूक नाही. बातमीत वादळ दोन दिवस टिकतं. गावात ते किती वर्षं टिकतं, ते पुढे सांगतेच.

घर कच्चं की पक्कं?

‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं. आपल्या भागातल्या वादळांची नावं आसपासच्या देशांनी आधीच दिलेल्या यादीतून क्रमानं येतात. १ जूनला अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र जोर धरू लागलं. २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. ३ जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावर होतं. म्हणजे बारशापासून दारात येईपर्यंत जेमतेम एक दिवस.

पण म्हणून ते ‘न सांगता’ आलं असं नाही हं. हवामान विभागानं इशारे दिले होते, एनडीआरएफची पथकं जिल्ह्यात आली होती. २ जूनला आमच्या गावात स्पीकर लावलेली रिक्षा फिरली. किनाऱ्याजवळच्या लोकांना शाळेत हलवलं. ‘कच्च्या घरात राहू नका,’ असं रिक्षावाला ओरडून सांगत होता.

आणि आमच्या घरात चर्चा सुरू झाली. आपलं घर कच्चं की पक्कं? भिंती जांभ्याच्या, दोन-दोन फूट रुंद. म्हणजे पक्कं. वर कौलं. म्हणजे कच्चं. आजोबा म्हणाले, ‘या घरानं साठ पावसाळे काढलेत.’ बाबा म्हणाले, शाळेत जाऊ. दादा म्हणाला, शाळेत मुंबईहून आलेले लोक क्वारंटाइन आहेत, तिथे कसं जायचं? आणि वहिनी तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. तिला घेऊन तालुक्याला जायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं होतं. रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं. ठरलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला. वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पोफळी जमिनीला टेकेपर्यंत वाकतायत आणि परत उभ्या राहतायत. मग त्या उभ्या राहीनाशा झाल्या. एकेक मोडल्याचा आवाज फटाक्यासारखा यायचा. एकच्या सुमाराला आढ्यावरचे कोने उडाले आणि त्यामागोमाग कौलं सुटायला लागली. कौलं घरात पडू लागली की घरात बसणं बाहेर उभं राहण्याइतकंच वाईट.

समोरच्या काकांचं स्लॅबचं घर आमच्यापासून तीस पावलांवर. बाबा आणि दादानं वहिनीच्या डोक्यावर जेवायचा पाट धरला आणि तिला मधे घेऊन ते निघाले. तीस पावलं. पायाखाली तारा, झावळ्या, फुटलेली कौलं. आम्ही सगळे पोहोचलो. त्या दोन खोल्यांत तेव्हा बावीस माणसं होती. सोशल डिस्टन्सिंग वगैरे कुणालाही आठवलं नाही.

चारनंतर वारा उतरला. बाबांच्या वाडीत दोनशे दहा पोफळी होत्या. त्यातल्या एकोणतीस उभ्या राहिल्या. वीज गेली ती महिनाभराहून जास्त. पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा रहाट आणि दोर. मोबाइल चार्ज करायला ट्रॅक्टरच्या बॅटरीपुढे रांग, आणि रेंजसाठी डोंगरावरची चढण. ५ जूनला वटपौर्णिमा होती. गावातला वड मुळासकट आडवा झाला होता. बायकांनी त्या आडव्या वडालाच सूत बांधलं.

सगळ्यांना सगळं माहीत होतं

आता अठरा दिवस पुढे या. रविवार, २१ जून, अमावस्या. उत्तर भारतात सिरसा, कुरुक्षेत्र, डेहराडून अशा पट्ट्यात हे ग्रहण कंकणाकृती दिसणार होतं, म्हणजे सूर्याची बांगडी होणार होती. आपल्याकडे खंडग्रास. मुंबईच्या आसपास सूर्यबिंबाचा साधारण साठ टक्के भाग झाकला जाणार होता.

आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वादळात भिजून फुगलं होतं, पण त्यावरची अक्षरं वाचता येत होती. सकाळी दहाला स्पर्श. साडेअकराच्या पुढे मध्य. दीडच्या आत मोक्ष. वेध आदल्या रात्रीपासून. आजीला हे बघावंही लागलं नाही, तिचं पाठ होतं. शनिवारी संध्याकाळी घरात कामं सुरू झाली ती एखाद्या चांगल्या इव्हेंट मॅनेजमेंट कंपनीसारखी. पाण्याच्या हंड्यांवर तुळशीपत्र कुणी ठेवायचं? मी. गुरांना पाणी कुणी पाजायचं? दादानं. मोक्षानंतरच्या अंघोळीचं पाणी आधीच काढून ठेवायचं, कारण पंप नाही. ते बाबांनी. वेध लागायच्या आत जेवून घ्यायचं. सकाळी विळी-सुरी बंद. आणि वहिनीनं मधल्या खोलीत बसायचं, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर यायचं नाही.

एकही प्रश्न नाही. एकही वाद नाही. आजोबासुद्धा गप्प. सात माणसांचं घर, प्रत्येकाला आपलं काम आणि आपली वेळ माहीत.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट फिरत होती. याच घरात अठरा दिवसांपूर्वी, याच वहिनीसाठी, याच माणसांनी रात्री अकरापर्यंत चर्चा करून काहीच ठरवलं नव्हतं. जे ग्रहण तिला बोटही लावणार नव्हतं त्यासाठी तिचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक होतं. जे वादळ तिच्या डोक्यावर कौलं टाकणार होतं त्यासाठी एक पाट होता. तोही ऐनवेळी सापडला म्हणून.

वहिनी त्या दिवशी तीन-साडेतीन तास बंद खोलीत बसली. जूनचा उकाडा, वीज नाही, पंखा नाही. अकरा वाजता तिला पाणी हवं होतं. आजी पाच मिनिटं गप्प बसली, मग स्वतःच उठून तिला पाणी देऊन आली, तुळशीचं पान टाकून. नियम आजीचेच होते, त्यातून वाटही तिनंच काढली. आजी मला आवडते ती अशा गोष्टींमुळे.

गोठ्यातल्या कोरी

आभाळ अर्थातच भरलेलं. जूनमधलं कोकण आहे ते. पण मध्याच्या जरा आधी ढग विरळ झाले आणि दोन-तीन मिनिटं ऊन पडलं. मी तेव्हा गोठ्यात होते. घरावर ताडपत्री आली होती, गोठ्यावर जुने पत्रेच परत ठोकले होते आणि त्यांना वादळात उपटलेल्या खिळ्यांची भोकं होती. एरवी त्या भोकांतून जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडायचे. त्या दिवशी शेणानं सारवलेल्या जमिनीवर गोल नव्हतेच. कोरी होत्या. दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या, वीस-पंचवीस तरी.

हे काय होतं, ते आपल्या नववी-दहावीच्या विज्ञानात बसतं. बारीक भोक म्हणजे भिंगाशिवायचा कॅमेरा. त्यातून पडणारा कवडसा भोकाच्या आकाराचा नसतो, तो सूर्याचं चित्र असतो. सूर्य गोल तर कवडसा गोल, सूर्य खाल्लेला तर कवडसाही खाल्लेला. भोकापासून जमीन तीन मीटर असेल तर चित्र साधारण पावणेतीन सेंटीमीटरचं. आणि जूनमध्ये दुपारच्या सुमाराला आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून छपरातल्या भोकांतून ऊन थेट जमिनीवर उतरतं. झाडाखालीही अशाच कोरी पडतात, पानांमधल्या फटींतून. आमच्याकडे झाडं उरली नव्हती, भोकं होती.

मी आजीला हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली. ग्रहण बघायचं नसतं असं तिचं म्हणणं, पण मी म्हटलं, ‘आजी, वर नको बघूस, खाली बघ.’ तिनं खाली बघितलं. बराच वेळ. मग ढग आले आणि कोरी विझल्या. ‘एवढंच असतं होय,’ म्हणाली आणि आत गेली.

ग्रहणानं वादळ येतं का?

त्या महिन्यात फिरणारे मेसेज आठवा. कोरोना, वादळ, ग्रहण, सगळं एकाच धाग्यात ओवलेलं. आमच्या गावात तर लोक म्हणायचे, ‘यंदा ग्रहण लागायच्या आधीच लागलं.’ दुःखात माणूस कारण शोधतो, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण उत्तर स्पष्ट आहे. नाही. ग्रहण ही सावली आहे. चंद्र पृथ्वी आणि सूर्याच्या मधे येतो, त्याची सावली आपल्यावरून सरकत जाते आणि निघून जाते. फार झालं तर तेवढ्या वेळात तापमान थोडं उतरतं, वारा जरा मंदावतो. चक्रीवादळाला लागतं तापलेल्या समुद्राचं पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर. त्या उष्णतेवर ते जगतं, म्हणून तर जमिनीवर आलं की मरायला लागतं.

चंद्राचा वादळाशी एक खरा संबंध मात्र आहे, आणि तो कोळ्यांना पुस्तकाशिवाय कळतो. भरती-ओहोटी. किनाऱ्यावर एक ढोबळ हिशोब चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तासभर इकडेतिकडे होतं, पण चालतं. ३ जूनला शुद्ध द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. प्रत्यक्षात भरती सकाळी दहाच्या सुमाराला येऊन गेली आणि वादळ लागलं तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. वादळासोबत समुद्र एक ते दोन मीटर चढेल असा इशारा आमच्या जिल्ह्याला होता. हेच वादळ दोन दिवसांनी पौर्णिमेच्या उधाणात, ऐन भरतीला आलं असतं तर? अमावस्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एकत्र होते, म्हणून उधाण. ग्रहणही याच दोन तिथींना लागतं. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे दर अमावस्येला ग्रहण होत नाही इतकंच. म्हणजे ज्या पंचांगात आजी ग्रहण बघते, त्याच पंचांगातली तिथी वादळाच्या दिवशीही कामाची आहे.

खरा फरक आहे तो अंदाजाचा. ग्रहणं १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी जवळजवळ तशीच परत येतात, हे माणसाला हजारो वर्षांपूर्वी कळलं. आज शंभर वर्षांनंतरच्या ग्रहणाची वेळही सांगता येते. कारण तिथे खेळाडू तीनच, आणि त्यांचे रस्ते ठरलेले. वादळात समुद्र, वारा, वाफ, जमीन असे हजार खेळाडू. म्हणून त्याचा अंदाज दिवसांत असतो, वर्षांत नाही. पण दिवसांत असतो! आणि दरवेळी नवा अंदाज आधीच्यापेक्षा नेमका होत जातो.

भीतीचा पत्ता चुकतो

‘पाळलं ग्रहण तर बिघडलं काय?’ हे मला घरात हजारदा ऐकवलंय. कधीकधी खरंच काही बिघडत नाही. उपास झाला, अंघोळ झाली, संपलं. पण कधीकधी बिघडतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी कर्नाटकात कलबुर्गीजवळच्या एका गावात दिव्यांग मुलांना ‘बरी होतील’ म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या होत्या. गरोदर बाईला उकाड्यात तासन्‌तास पाण्याविना बसवणं हेही तसंच, फक्त बातमी न होणारं.

ग्रहणाचा खरा धोका एकच, तो डोळ्यांना. सूर्य अर्धामुर्धा झाकलेला असला तरी उघडा राहिलेला भाग डोळ्याचा पडदा जाळू शकतो आणि त्या वेळी दुखतही नाही, हे सगळ्यात वाईट. काळी काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यातलं काहीही चालत नाही. ग्रहणासाठीचे प्रमाणित चष्मे वापरा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि सूर्याकडे पाठ करून कवडसा बघा. बस्स.

म्हणजे बघा, भीती आपल्याकडे भरपूर आहे. शिस्तही आहे. फक्त पत्ता चुकलाय. सावलीसाठी आपण अख्खं घर कामाला लावतो, आणि वाऱ्याच्या वेळी ‘बघू काय होतंय ते’.

‘ग्रहण सांगून येतं गो, वादळ थोडंच सांगून येतं,’ हे आजीचं त्यावरचं उत्तर. पण आजी, आता तेही सांगून येतं.

वेध, स्पर्श, मध्य, मोक्ष

हवामान विभागाची चक्रीवादळाची सूचना चार टप्प्यांत येते. पहिली साधारण ७२ तास आधी, नुसतं ‘लक्ष ठेवा’ सांगणारी. दुसरी ४८ तास आधी, इशारा. तिसरी २४ तास आधी, कुठे आणि किती जोरात ते सांगणारी. चौथी साधारण १२ तास आधी, जमिनीवर आल्यावर वादळ आत कुठे सरकेल ते सांगणारी. कधीकधी ‘निसर्ग’सारखं सगळं घाईत होतं आणि टप्प्यांमधलं अंतर कमी पडतं. पण टप्पे असतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. हे तर वेध झाले! ग्रहण लागायच्या आधीचा तयारीचा काळ म्हणजे वेध. आपल्या घरांना ही कल्पना शिकवायची गरजच नाही, ती आपल्या हाडात आहे. ठरावीक वेळ लागली की ठरावीक माणसानं ठरावीक काम करायचं, वाद न घालता. फक्त ती सवय ग्रहणाकडून उचलून वादळाला द्यायची.

बाकीचे शब्दही बसतात. स्पर्श, म्हणजे वारा पोहोचला. त्यानंतर घर बदलायचं नाही, वीज-गॅस बंद, दारं बंद. मध्य, म्हणजे वादळाचा डोळा. ग्रहणाचा मध्य बघण्यासारखा असतो, वादळाचा मध्य फसवा. डोळा डोक्यावर आला की वारा एकदम थांबतो, लोक बाहेर येतात, आणि मग वारा उलट्या दिशेनं तेवढ्याच जोरात येतो. एका बाजूनं हललेलं झाड दुसऱ्या बाजूनं पडतं.

आणि मोक्ष? इथे मात्र तुलना तुटते. २१ जूनला ग्रहण सुटलं, आम्ही अंघोळी केल्या, पिठलं-भात खाल्ला. संपलं. वादळाचा मोक्ष कॅलेंडरवर नसतो. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेते, नारळही तेवढाच वेळ काढतो. आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यामुळे हेक्टरी मदतीचा हिशोब हातात फारसं काही देत नव्हता. पुढे झाडांच्या संख्येवर मदतीचा निर्णय झाला, पण पडलेलं झाड म्हणजे पुढची कितीतरी वर्षं न मिळणारं उत्पन्न असतं. दादा त्या वर्षीच पनवेलला नोकरीला लागला, तो अजून तिथेच आहे. बाबांनी २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या ‘श्रीवर्धनी’ पोफळींना गेल्या वर्षी पहिल्यांदा चार शिपटं धरली. त्यांनी फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. वहिनीची मुलगी जुलैमध्ये सहा वर्षांची होईल. ग्रहणाचा कुठलाही डाग तिच्या अंगावर नाही. वारा वाढला की मात्र वहिनी आजही आधी वर बघते.

‘असं वादळ कुठे रोज येतं?’ असं म्हणाल तर नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. अरबी समुद्र तापतोय आणि त्यातली वादळं वाढतायत, जोरही धरतायत, असं पुण्याच्या आयआयटीएमच्या संशोधकांनी अभ्यासातून मांडलंय. म्हणजे हा विषय फक्त माझ्या आजीच्या घराचा राहत नाही. तुमचं गाव किनाऱ्यावर नसेल तर गारपीट असेल, वीज पडणं असेल, ढगफुटी असेल. नाव बदला, वेध तेच.

घराचं वादळ-पंचांग

सुट्टीत गावी जाल तेव्हा एक कागद घ्या, घरातल्या सगळ्यांसमोर बसून हे लिहा आणि कॅलेंडरशेजारी लावा. मागच्या दिवाळीत आम्ही लावलंय. अक्षर आजीच्या सांगण्यावरून मोठं काढलंय.

वेध लागले, ७२ ते ४८ तास आधी: घर कच्चं की पक्कं हे आधीच ठरलेलं असावं. छप्पर उडू शकत असेल तर घर कच्चं, भिंती कितीही जाड असोत. जायचं कुठे, कुणाच्या स्लॅबखाली, हे त्या घरच्यांशी बोलून ठेवा. गरोदर बाई, आजारी आणि म्हातारी माणसं सगळ्यात आधी हलवा. तालुक्याला न्यायचं असेल तर याच टप्प्यात.

वेध, २४ तास आधी: मोबाइल, पॉवर बँक, टॉर्च चार्ज. पिण्याचं पाणी भरून. आधार कार्ड, सातबारा, पासबुक, औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुणी उचलायची त्याचं नाव कागदावर. अंगणातले सुटे पत्रे, कौलं, बादल्या आत. गुरांची दावी सोडा. पंचांगात तिथी बघा आणि भरतीची वेळ काढा.

स्पर्श: मेन स्विच आणि गॅस बंद. खिडकीपासून लांब. या वेळेनंतर व्हिडिओ काढायला कुणीही बाहेर जायचं नाही. हो, रील करणाऱ्यांनीसुद्धा.

मध्य: वारा अचानक थांबला तर बाहेर पडू नका. संपलंय असं अधिकृतपणे सांगितलं जाईपर्यंत थांबा. सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवा, कारण मोबाइलची रेंज सगळ्यात आधी जाते.

मोक्ष: पडलेल्या तारांना हात लावायचा नाही. नुकसानीचे फोटो आवरायच्या आधी काढा, पंचनाम्याला लागतात. मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आधीच फोनमध्ये असू द्या.

आता पुढची तारीख लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास ग्रहण दिसणार आहे आणि आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. तिथी आषाढ अमावस्या, दिव्याची अवस, म्हणजे तुमच्या भाषेत गटारी. ऐन पावसाळा, त्यामुळे ग्रहण दिसेलच याची खात्री नाही. पण ते कधी लागेल आणि कधी सुटेल, हे आजच ठरलेलं आहे.

त्याआधी आपल्याला दोन पावसाळे काढायचे आहेत, आणि त्यांत काय येईल ते कुणीही आज सांगू शकत नाही. ते जेव्हा सांगता येईल, तेव्हा हातात तीन दिवस असतील, कदाचित एकच. तेवढ्यात तुमच्या घरी पाट शोधायची वेळ येऊ नये, म्हणून तो कागद याच सुट्टीत लिहा.